टाऊन हॉलची बाग : एका मोकळ्या जागेचा इतिहास

कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर भर दुपारी उभे राहिले म्हणजे या शहराची धावपळ एका नजरेत भरते. एका अंगाला छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. सारा जिल्हा त्याला नुसते ‘सीपीआर’ म्हणतो आणि कर्नाटकाच्या सीमेपासून कोकणाच्या घाटमाथ्यापर्यंतची माणसे आपले आजारी जीव घेऊन तेथे येतात. त्याच्यासमोर न्यायालयाची जुनी इमारत आहे. तेथे १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागले आहे. मधल्या रस्त्याने रिक्षा, केएमटीच्या बसगाड्या, दुचाक्या आणि काळे कोट यांचा अखंड ओघ चाललेला असतो. माणसाने थांबावे असे येथे काही नाही, असेच परक्या प्रवाशास वाटावे.

आणि तरीही हाकेच्या अंतरावर एक फाटक आहे. ते ओलांडले की जुनी, उंच झाडे लागतात, पायाखाली सावली येते, आणि झाडांमागून टोकदार मनोऱ्यांची एक दगडी इमारत हळूहळू दिसू लागते. ही टाऊन हॉलची बाग. विस्ताराने ती मोठी नाही. रमतगमत हिंडले तरी थोड्याच वेळात तिची फेरी पुरी होते. रंकाळ्याची शोभा तिच्याजवळ नाही, पन्हाळ्याचा पराक्रम नाही. कोल्हापूर पाहावयास आलेला यात्रेकरू अंबाबाईचे दर्शन घेऊन, जोतिबाला जाऊन, तांबडा-पांढरा रस्सा चाखून परत जातो. या बागेकडे त्याचे पाऊल वळतेच असे नाही.

माझेही वळले ते केवळ वेळ काढावयाचा होता म्हणून. एका बाकावर जागा होती. शेजारी एक वयस्कर बाई जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. “बसा की दादा, जागा हाय,” त्या म्हणाल्या. राधानगरीकडच्या होत्या. धनी सीपीआरमध्ये दाखल होते, आणि भेटीची वेळ होईस्तोवर त्या रोज येथेच येऊन बसत. “तिथं आत जीव घाबरा होतो. हितं बरं वाटतं. कोण उठ म्हणत न्हाई,” असे त्या सहज बोलून गेल्या. ‘कोण उठ म्हणत नाही’ हे त्यांचे चार शब्द माझ्या मनातून जाईनात. ज्या जागेवरून कोणी कोणास उठवीत नाही, अशी जागा शहराच्या ऐन गाभ्यात आली कोठून? ती राहिली कशी? या प्रश्नांचा माग काढीत गेलो तेव्हा या लहानशा बागेचा इतिहास पंचगंगेच्या काठावरून थेट इटलीतील एका नदीच्या काठापर्यंत जाऊन पोहोचला.

आपल्याकडे बागा पूर्वीही होत्या. पण त्या कोणाच्या तरी असत. राजाची बाग, इनामदाराची बाग, देवाच्या फुलांसाठी राखलेली देवळामागची बाग. गावाच्या सर्व लोकांची, कोणीही यावे आणि बसावे अशी बाग ही कल्पना एकोणिसाव्या शतकात नगरपालिका, रुग्णालय आणि शाळा यांच्या सोबतीने आली. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ साली स्थापन झाली. त्यानंतर तटबंदीच्या आतले जुने शहर हळूहळू वेशींबाहेर सरकू लागले, आणि त्या बाहेरच्या मोकळ्या भागात १८७२ ते १८७६ या वर्षांत टाऊन हॉल उभा राहिला. इमारत गॉथिक धाटणीची. उतरती छपरे, निमुळती टोके आणि उंच कमानी पाहून युरोपातील एखाद्या जुन्या गावाची आठवण व्हावी. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज अभियंत्याचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही याच मँटने रेखाटला, आणि बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा मूळ आराखडाही त्याचाच.

या मँटविषयी एक करुण हकीकत सांगितली जाते. आपल्या गणितात चूक झाली आहे आणि आपण बांधलेल्या इमारती कोसळणार, या भयाने म्हणे अखेरीस त्याला ग्रासले. १८८१ साली तो वारला. त्याचे बडोद्याचे आणि कोल्हापूरचे राजवाडे त्याच्यामागून पुरे झाले. हकीकतीत खरे किती आणि सांगोवांगी किती हे असो. इमारती मात्र कोसळल्या नाहीत. दीडशे पावसाळे अंगावर घेऊन टाऊन हॉल आजही उभा आहे.

याच मँटच्या हातून त्याच वर्षांत आणखी एक लहानसे बांधकाम कोल्हापूरसाठी झाले. मात्र ते कोल्हापुरात नाही. ते पाहावयाचे तर इटलीत, फ्लॉरेन्स नगरीतील कास्चिने नावाच्या उद्यानात जावे लागते.

ती कथा अशी. १८६६ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तकविधानाने राजाराम महाराज आले. त्यांचा जन्म १८५० चा. इंग्रजी उत्तम जाणणारा, नवे पाहण्याची व समजून घेण्याची हौस असलेला हा तरुण राजा १८७० साली विलायतेस निघाला. समुद्र ओलांडणे हे त्या काळी साधे धाडस नव्हते. धर्म बुडतो, जात जाते, अशी समजूत घट्ट होती. महाराजांनी आपली माणसे, आपले आचारी आणि आपला आचारधर्म बरोबर नेला. इंग्लंडमध्ये ते काही महिने राहिले, महाराणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, आणि जे पाहिले ते इंग्रजीत रोजनिशीत लिहून ठेवले. परतीच्या वाटेवर युरोपातील देश पाहत असता प्रकृती ढासळली. फ्लॉरेन्सला पोहोचेपर्यंत आजार बळावला आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस वर्षांचे. त्यांची रोजनिशी कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी संपादित करून १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे लेखक ग्रंथरूपाने वाचकांस भेटला तो मृत्यूनंतर.

आता प्रश्न उभा राहिला अंत्यविधीचा. फ्लॉरेन्स त्या वेळी नव्याने एकत्र आलेल्या इटलीची राजधानी होती. दोनच महिन्यांपूर्वी, २० सप्टेंबर १८७० रोजी, इटलीचे सैन्य रोममध्ये शिरले होते आणि सारा देश त्या घडामोडीने ढवळून निघाला होता. अशा वेळी पूर्वेकडील एका अनोळखी राज्याचा तरुण राजा येथे निवर्तला, आणि त्याची माणसे म्हणू लागली की आमच्या धर्माप्रमाणे नदीच्या संगमावर दहन झाले पाहिजे. त्या नगरीत दफनाखेरीज दुसरा प्रकार लोकांनी पाहिलेला नव्हता. युरोपातील पहिल्या आधुनिक दाहगृहांपैकी एक असलेले मिलानचे दाहगृहसुद्धा १८७६ सालचे, म्हणजे पुढचे. कॅथलिक चर्चने तर १८८६ साली आपल्या श्रद्धावंतांना दहनविधीची स्पष्ट मनाई केली आणि ती १९६३ साली शिथिल केली. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे फ्लॉरेन्सच्या अधिकाऱ्यांनी दिलेल्या खास परवानगीचे मोल कळते. कास्चिने उद्यानाच्या अगदी टोकाशी, जेथे मुन्योने हा ओढा अर्नो नदीला मिळतो, तेथे रात्रीच्या काळोखात चिता रचली गेली. पंचगंगेच्या घाटावर व्हावयाचा संस्कार अर्नोच्या संगमावर झाला.

पुढे १८७४ साली त्या जागी स्मारक उभे राहिले. मधोमध फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने घडविलेला महाराजांचा अर्धपुतळा, आणि त्यावर हिंदी पद्धतीची छत्री. ही छत्री मँटची. इकडे कोल्हापुरात टाऊन हॉलचे दगड चढत होते, तिकडे त्याच माणसाच्या आराखड्यातून फ्लॉरेन्समध्ये छत्री उभी राहत होती. कोल्हापुरात त्याने युरोपी घाटाची इमारत दिली, युरोपात हिंदी घाटाची. फ्लॉरेन्सचे लोक त्या ठिकाणाला ‘इंदियानो’, म्हणजे हिंदी माणसाचे ठिकाण, म्हणू लागले. शंभर वर्षांनी, १९७० च्या दशकात, जवळच अर्नोवर मोठा पूल झाला. त्यालाही हेच नाव पडले. आज त्या पुलावरून मोटारी हाकणाऱ्या कितीजणांना कोल्हापूर ठाऊक असेल? तरी कोल्हापूरच्या एका वीस वर्षांच्या मुलाची आठवण त्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे. त्याच्यासाठी जागा सापडली ती उद्यानात, कारण उद्यान ही एकट्या कोणाची मालकीची जागा नव्हती.

या आठवणीतून उठून टाऊन हॉलच्या पायऱ्या चढावे, तर आतही एक पाहुणाच आपली वाट पाहत असतो. १९४६ साली कोल्हापूरचे वस्तुसंग्रहालय सुरू झाले आणि १९४९ साली ते या इमारतीत आले. ते सुरू होण्याचे निमित्त पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावरील उत्खनन. डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी १९४५–४६ साली तेथे खोदकाम केले. सातवाहनकाळी येथे भरभराटीचे नगर होते, आणि त्याचा व्यापार सह्याद्री ओलांडून कोकणच्या बंदरांतून रोमन साम्राज्याशी चालत होता, हे ब्रह्मपुरीच्या मातीने दाखवून दिले. त्या मातीतून मिळालेल्या ठेव्यातील सर्वांत नामांकित वस्तू म्हणजे पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती. उंचीने वीतभरही नाही. समुद्र जेथून दिसतही नाही अशा कोल्हापुरात हा समुद्राचा देव सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी कोणा व्यापाऱ्याच्या सामानातून आला आणि येथलाच होऊन राहिला. त्याच छताखाली आबालाल रहिमान यांची चित्रे आहेत, आवारात जुनी दगडी शिल्पे आहेत, तोफा आहेत. राजाराम महाराज अर्नोकाठी राहिले आणि पोसायडन पंचगंगेकाठी. दोन्ही नगरांनी परक्याला आपल्या बागेत जागा दिली, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

परंतु येथे थांबून एक अवघड प्रश्न स्वतःस विचारणे भाग आहे. दूरच्या पाहुण्याला जागा देणे त्या मानाने सोपे असते. जवळच्या माणसाला जागा देणे कठीण. टाऊन हॉल १८७६ साली पुरा झाला. तो ‘सार्वजनिक’ होता खरा, पण त्या काळी ‘सर्व जन’ म्हणजे कोण? गावकुसाबाहेर राहणारा माणूस या सावलीत निर्धास्तपणे बसू शकत होता काय? कायद्याने बाग सर्वांची झाली म्हणून ती मनाने सर्वांची होत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधावयास फार दूर जावे लागत नाही. याच भाऊसिंगजी रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचे चहाचे हॉटेल होते. ते शाहू महाराजांच्या पदरी नोकर होते. पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली, तेव्हा त्यांनी महाराजांपुढे गाऱ्हाणे मांडले. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन तर केलेच; पण पुढे गंगारामांना स्वतःचा धंदा काढावयास साहाय्य केले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? महाराजच पिऊ लागले. रस्त्याने जाताना गाडी थांबवावी, चहा मागवावा, स्वतः घ्यावा आणि बरोबरच्या प्रतिष्ठितांनाही घ्यावयास लावावा, असा त्यांचा परिपाठ पडला. मागाहून १९१९ साली सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, सरकारी इमारती, शाळा, रुग्णालये येथे शिवाशीव पाळता कामा नये, असे हुकूम निघाले. पण माझ्या समजुतीने, हुकूम निघण्याआधी लोकांच्या अंगवळणी पडला तो तो चहा.

शाहू महाराजांनी शहरात निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहे काढविली, हे सर्वज्ञात आहे. १९०१ चे मराठा वसतिगृह, १९०६ चे मुस्लिम वसतिगृह, १९०८ चे मिस क्लार्क वसतिगृह. १९१५ साली ख्रिस्ती मुलांसाठीही वसतिगृह निघाले. ज्याला कोठेच बसावयास जागा नाही त्याला आधी जागा द्यावी, मग बाकीचे तो करील, हे त्या राजाचे साधे सूत्र होते.

टाऊन हॉलपासून थोडे चालत गेले की सिद्धार्थनगरजवळ नर्सरी बाग लागते. आपली समाधी येथे व्हावी, अशी शाहू महाराजांची इच्छा होती. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत या बागेत त्यांचे स्मारक उभारले ते कोणी? दरबाराने नव्हे, गंगाराम कांबळे आणि त्यांच्या समाजबांधवांनी. महाराजांच्या अगदी पहिल्या स्मारकांत त्याची गणना होते. ज्याच्या हातचा चहा घेऊन राजाने त्याला नगरात जागा दिली, त्याने बागेच्या एका कोपऱ्यात राजाला जागा दिली. महाराजांची इच्छिलेली समाधी मात्र पूर्ण होऊन तिचे लोकार्पण झाले ते जानेवारी २०२० मध्ये. जवळजवळ शंभर वर्षे लागली. बागेत ती जागा मोकळी होती म्हणूनच इतक्या उशिरा का होईना, शब्द पाळता आला.

मोकळी जागा टिकतेच असे नाही, याची साक्ष कोल्हापूरखेरीज दुसरे कोणते शहर अधिक देईल? हे एके काळी तळ्यांचे गाव. पण आज कपिलतीर्थाच्या जागी भाजी मंडई आहे. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आहे. मोठा पाऊस लागला की मैदानावर पाणी साचते आणि गेलेले तळे आपली आठवण देऊन जाते. प्रत्येक तळे बुजविताना कारण सबळच असणार. मंडई हवी होती, मैदान हवे होते, आरोग्याचा प्रश्न होता. गरज खोटी कधीच नसते. अडचण एवढीच, की बांधकामाची गरज मोठ्याने बोलते आणि मोकळ्या जागेची गरज मुकी असते.

न्यूयॉर्क शहरात, जेथे जमिनीचे मोल कल्पनेपलीकडचे, तेथे १९६७ साली गगनचुंबी इमारतींच्या मध्ये जेमतेम चार गुंठ्यांची एक बाग एका धनिकाने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ लोकांना खुली केली. पेली पार्क तिचे नाव. काही झाडे, हलविता येणाऱ्या खुर्च्या आणि एक पाण्याची भिंत. अशा लहान बागांना तिकडे ‘पॉकेट पार्क’, म्हणजे खिशाएवढी बाग, म्हणतात. तेथे पुष्कळ पैसा खर्चून जे मिळवावे लागले, ते कोल्हापूरला दीडशे वर्षांपूर्वीच लाभले आहे. आपल्याला ती नव्याने निर्माण करावयाची नाही. केवळ भरून टाकावयाची नाही.

आणि ती भरून टाकण्याचा मोह येत्या काळात वाढणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. समोर उच्च न्यायालयाचे बेंच आले; सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची पायपीट वाचली, हे चांगलेच झाले. त्यासाठी या भागाने वर्षानुवर्षे लढा दिला होता. पण माणसे येतात तशा त्यांच्या गाड्या येतात, गाड्यांना जागा लागते, टपऱ्यांना जागा लागते, फलकांना जागा लागते. अशा वेळी कोणाची तरी नजर झाडांखालच्या त्या ‘रिकाम्या’ तुकड्याकडे वळली तर नवल नाही. त्या वेळी कोणीतरी सांगितले पाहिजे की ही जागा रिकामी नाही. येथे तारखेस आलेला शेतकरी बसणार आहे. येथे सीपीआरमधील रुग्णाची बायको बसणार आहे. ती आज कोण आहे, उद्या कोण असेल, हे आपणास ठाऊक नाही. आणि नेमके त्या न ठाऊक असलेल्या माणसासाठीच बाग राखलेली असते.

मी संग्रहालयातून बाहेर आलो तेव्हा ऊन कलले होते. शाळा सुटलेली मुले तोफेवर चढण्याच्या खटपटीत होती. एक वकील बाकावर डोळे मिटून बसले होते, मांडीवर कागदांचे गाठोडे. राधानगरीच्या मावशी डबा आवरून उठल्या होत्या. भेटीची वेळ झाली होती. “येतो दादा,” म्हणाल्या, आणि रस्त्याच्या कडेला थांबून, वाहनांच्या ओघात फट शोधून, पदर सावरीत पलीकडे गेल्या.

त्यांची जागा फार वेळ मोकळी राहिली नाही. एक तरुण आला, हातात औषधांची चिठ्ठी होती. त्याने माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिले. मी थोडा सरकलो आणि म्हणालो, “बसा, जागा आहे.”